माझ्या पाठीवरची बाई

मित्रांनो, मी एक जुना रोमन दिनार आहे. चांदीचा, कोटाच्या बटणाएवढा, एका कडेला थोडा चेपलेला. जुनी नाणी आपली गोष्ट मोठ्या ऐटीत सांगतात म्हणे. मला ते जमायचं नाही. मला माझ्या पाठीची लाज वाटते, आणि माझी सगळी गोष्ट माझ्या पाठीवरच आहे.

माझा जन्म रोमच्या टांकसाळीत झाला. त्या काळी वर्तमानपत्रं नव्हती. राजाला लोकांना जे सांगायचं असेल ते तो आमच्या अंगावर ठोकून घ्यायचा आणि आम्हाला बाजारात सोडून द्यायचा. पुढून त्याचं तोंड, मागून त्याची बढाई. माझ्या शेजारच्या टोपलीतल्या नाण्यांच्या पाठी किती छान होत्या. एकीवर एकमेकांत गुंफलेले दोन हात होते, म्हणजे सैन्यात एकी आहे. एकीवर फळांनी ओसंडणारं शिंग होतं, म्हणजे यंदा धान्य भरपूर. कुणाला गरुड मिळाला, कुणाला गलबताचं टोक. मी तेव्हा नुसता तापलेला चांदीचा तुकडा होतो आणि मनात म्हणत होतो, मला ते शिंग मिळू दे.

खाली एक ठसा, वर एक ठसा, मधे मी. कारागिराने हातोडा हाणला. एकाच घावात माझ्या तोंडावर राजा उमटला आणि पाठीवर एक बाई.

ती जमिनीवर बसलेली होती. तिच्या मागे खजुराचं झाड होतं. ते झाड म्हणजे तिच्या देशाची खूण. खाली त्या देशाचं नाव होतं, यहूदिया. आणि तिचे हात पाठीमागे दोरीने बांधलेले होते. राजाच्या फौजेने यरुशलेम जाळलं होतं, तिथलं मंदिर पाडलं होतं, माणसं बांधून आणली होती. ते सगळ्या जगाला सांगत फिरायचं काम माझ्याकडे आलं. मी नको म्हणू शकलो नाही. नाण्याला तोंड असतं, पण ते राजाचं असतं.

शिपायांनी मला उलटवून पाहिलं आणि ते हसले. खानावळवाले हसले. एका बंदरात मी मासळी विकणाऱ्या एका यहुदी बाईच्या हातात पडलो. तिने मला उलटवलं, पाहिलं, आणि गुपचूप खवल्यांच्या ढिगात दाबून टाकलं. पुढच्या गिऱ्हाइकाच्या हातावर ठेवेपर्यंत तिने माझ्याकडे परत बघितलं नाही. मित्रांनो, त्या खवल्यांचा वास कधीच गेला. तिची नजर गेली नाही.

मग एका व्यापाऱ्याच्या थैलीतून समुद्र ओलांडून मी कोकणात चेऊलला आलो. तो मिरी आणि कापड घेऊन परत गेला, मी राहिलो. कुणीतरी मला मडक्यात घालून जमिनीत पुरलं. मला बरंच वाटलं. अंधारात पाठ कुणाला दिसत नाही.

शेकडो वर्षांनी एका तेल्याच्या कुदळीने ते मडकं फुटलं. तो नवा घाणा बसवायला खड्डा खणत होता. हे तेली शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणे. ते होते बेने इस्राएल. फार पूर्वी त्यांचे वाडवडील गलबतातून येत होते, नवगावच्या किनाऱ्याशी गलबत फुटलं आणि मोजकीच माणसं वाचली, असं ते पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले होते.

तेल्याच्या बायकोने मला पदराने पुसलं, उजेडात धरलं, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. माडाखाली एकटी बसलेली बाई. समुद्रातून वाचून किनाऱ्याला लागलेली आणि दमून टेकलेली. दुसरी कोण असणार? तिने खजूर कधी पाहिला नव्हता. कोकणातल्या माणसाला उंच खोड आणि वर झावळ्या दिसल्या की तो माडच. मनगटावरची बारीक दोरी तिच्या ध्यानातही आली नाही. ती म्हणाली, ही आपली नवगावची आजी.

झालं. सोनाराने मला वर एक कडी जोडून दिली आणि मी त्या घराचा ताईत झालो. कुणा कर्मठ पाहुण्याने एकदा विचारलं की आपल्या धर्मात मूर्ती चालत नाही, मग हे गळ्यात कसं. तेव्हाच्या सासूबाईंनी त्याला ताक देत सांगितलं, ही मूर्ती कुठे आहे, ही आजी आहे.

तेव्हापासून त्या घरातली प्रत्येक नवरी मेंदीच्या दिवशी मला गळ्यात घालते. बाई बाहेरच्या बाजूला, सगळ्यांना दिसेल अशी. म्हणजे राजाचं तोंड आतल्या बाजूला, नवरीच्या छातीशी. तुम्हीच सांगा, मला काय वाटत असेल. माझा मान जितका वाढत गेला तितका मी आतून काळा पडत गेलो, आणि जितका काळा पडलो तितकं त्यांनी मला चिंचेने घासलं. इतकं घासलं की बाईचं नाक गेलं, देशाच्या नावाची अक्षरं गेली, आणि मनगटावरची दोरीही दिसेनाशी झाली. प्रेमाने घासली त्यांनी ती. मी मात्र सुटल्यासारखा श्वास टाकला.

आता मी तुम्हाला सिम्हाबाईंबद्दल सांगतो. त्या रेवदंड्याच्या सूनबाई. त्यांच्या सासूने त्यांच्या गळ्यात मला घातलं, आणि मुलाबरोबर त्या कॅनडात आल्या तेव्हा मीही आलो. टोरांटोच्या वरच्या अंगाला रिचमंड हिलमध्ये त्यांचं घर आहे. मुलगा व्हिक्टर विम्याच्या कंपनीत आहे. व्हिक्टरच्या लग्नात मी सुनेच्या गळ्यात गेलो. पण ती सून आजारपणात गेली, आणि मी परत सिम्हाबाईंकडे आलो. तिची मुलगी सारिना तेव्हा शाळेत होती. आईचा मेंदीचा फोटो तिने आपल्या खोलीत लावला. त्या फोटोत आईच्या गळ्यात मी आहे.

म्हणून सारिनाचं लग्न ठरलं तेव्हा तिने पहिल्यांदा काय मागितलं असेल, तर मला.

सारिना सिनेमांच्या पडद्यावरची अक्षरं सजवण्याचं काम करते. लग्नाचं कार्ड तिने स्वतः करायला घेतलं. डायनिंग टेबलवर पांढरा कागद पसरून तिने माझ्या पाठीचा फोटो काढला, कॉम्प्युटरवर मोठा केला, सावल्या गडद केल्या. तशी कितीतरी वर्षं कुणाला न दिसलेली एक रेघ बाईच्या मनगटावर हळूच वर आली.

"आजी, लुक," सारिना म्हणाली. "शी हॅज बँगल्स."

सिम्हाबाईंनी चष्मा लावला आणि पडद्याला नाक टेकवलं. "अगं बाई, खरंच की. एवढं गलबत फुटलं आणि हिची बांगडी नाही फुटली."

व्हिक्टर म्हणाला की आपल्या घरातल्या बायका पहिल्यापासून दागिन्यांच्या बाबतीत पक्क्या. तिघंही हसले. मित्रांनो, इतकी स्तुती माझी आयुष्यात झाली नव्हती, आणि त्या टेबलावरून घरंगळत जाऊन जमिनीतल्या हीटरच्या जाळीत पडावं असं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. मी घरंगळलो नाही. मला कडी आहे.

कार्ड छापलं गेलं. वर मोठी बाई, मागे झाड, खाली मराठीत आणि इंग्रजीत ओळ: समुद्रातून वाचलेल्या आमच्या आजीच्या आशीर्वादाने. ते सगळ्या नातेवाइकांना गेलं, सिनेगॉगमधल्या मंडळींना गेलं, आणि नवऱ्यामुलाच्या घरच्यांनाही गेलं. नवरामुलगा गॅब्रिएल. त्याच्या घरचे लोकही ज्यूच, पण मूळचे पोलंडकडचे. मराठी त्याला 'आजी' आणि 'अजून नको, पोट भरलं' एवढंच येतं.

गॅब्रिएल तेव्हा कामासाठी कॅनडाच्या दुसऱ्या टोकाला, बर्नाबीला होता. परत आल्यावर शुक्रवारी संध्याकाळी तो घरी आला. सारिना मला गळ्यात घालून साखळी किती लांब हवी ते आरशात बघत होती. सिम्हाबाई स्वयंपाकघरात होत्या, नळ चालू होता. गॅब्रिएलने मला पाहिलं आणि तो बसलाच नाही. कोट अंगात तसाच ठेवून त्याने हळू आवाजात सगळं सांगितलं. हे नाणं त्यांना शाळेत शिकवलं होतं. ती वाचलेली बाई नाही, पकडलेली आहे. तो माड नाही, खजूर आहे. आणि त्या बांगड्या नाहीत.

व्हिक्टरने विचारलं की तुझ्या घरी कुणाच्या लक्षात आलं का. गॅब्रिएल बुटाकडे बघत म्हणाला, कार्ड आल्या दिवशीच. आईला वाटलं, यांनी मुद्दाम छापलं असेल, काहीतरी कारण असेल, विचारणं बरं दिसणार नाही. म्हणजे तिकडे सगळ्यांना ठाऊक होतं आणि सगळे सभ्यपणे गप्प होते. याहून वाईट काय असतं ते मला माहीत नाही.

सारिनाची मान तापलेली मला कळली. तिने मला काढलं ते विंचू झटकावा तसं. "आय कान्ट वेअर दॅट, डॅड," ती म्हणाली. "मॉमने पण हेच घातलं होतं." मग ती जिना चढून वर गेली.

स्वयंपाकघरातला नळ केव्हाच बंद झाला होता. पण ते माझ्याखेरीज कुणाच्या लक्षात आलं नाही.

व्हिक्टरने ठरवलं की आईला यातलं काही कळू द्यायचं नाही. म्हातारं माणूस, लग्न तोंडावर. त्याने सिम्हाबाईंना सांगितलं की ताइताची कडी सैल झाली आहे, दुरुस्तीला दिलाय, मेंदीपर्यंत मिळेल असं वाटत नाही. सिम्हाबाई म्हणाल्या, बरं. आणि त्याने मला बेसमेंटमधल्या खणात टाकलं. तिथे संपलेल्या बॅटऱ्या होत्या, विंटर टायरचे नट होते, बर्फ खरवडायचं एक मोडकं हत्यार होतं. मी मडक्यात राहिलो आहे, खवल्यांत राहिलो आहे. पण त्या खणातल्यासारखा एकटा मी कधीच नव्हतो. तिथे मी पहिल्यांदा माझ्या पाठीवरच्या बाईचा विचार केला. इतकी वर्षं मी माझ्याच लाजेचा विचार करत होतो. ती माझ्याच पाठीवर बसलेली, आणि मी तिला कधी विचारलं नाही की बाई, हात दुखत असतील ना.

मेंदीच्या दिवशी दुपारी खण उघडला. वर सिम्हाबाईंचं तोंड होतं. नव्या साडीत, केसांत फूल. त्यांनी इकडेतिकडे शोधलं नाही. थेट तोच खण उघडला. मला उचललं, उलटवलं, आणि चष्म्याच्या काचेवरून खूप वेळ पाहिलं. तेवढ्यात व्हिक्टर घडीच्या खुर्च्या न्यायला खाली आला आणि पायरीवरच थांबला.

"कडी तर घट्ट आहे," सिम्हाबाई म्हणाल्या.

व्हिक्टर घडीच्या खुर्च्यांकडे बघू लागला.

"अरे, मला इंग्लिश बोलायला येत नाही. ऐकू येतं."

मग तो त्यांच्याजवळ येऊन बसला, आणि त्यांनी त्याला सगळं पुन्हा मराठीत सांगायला लावलं. काही वगळू नको म्हणाल्या. त्याने सांगितलं. राजाचं सांगितलं तेव्हा त्यांचा हात नकळत स्वतःच्या छातीवर गेला, जिथे त्या राजाचं तोंड इतकी वर्षं टेकलं होतं. त्यांनी पदर ओढून घेतला, जणू परक्या माणसाने पाहिलं. सासूबाईंना ठाऊक असतं तर, एवढंच त्या म्हणाल्या. व्याह्यांना काय तोंड दाखवू, तेही म्हणाल्या. पन्नाशी उलटलेला मुलगा लहानासारखा नखं खरवडत होता.

शेवटी त्याने त्यांची समजूत काढायचा प्रयत्न केला. "आई, हे बघ. हे सगळं झालं त्याच्या आधीच आपले लोक गलबतात बसून निघाले होते. आपला संबंधच येत नाही. ही बाई आपली कुणी नाही."

सिम्हाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं.

"निघाले ते आपले," त्या म्हणाल्या, "आणि मागे राहिली ती कुणाची?"

वर कुणीतरी त्याला हाक मारत होतं, खुर्च्या कुठे आहेत म्हणून.

मग सिम्हाबाई मला घेऊन वॉशरूममध्ये गेल्या. त्यांनी आरशामागच्या कपाटातून जखमेवर लावायची चिकटपट्टी काढली, कात्रीने गोल कापली आणि राजाच्या तोंडावर नाकाडोळ्यांसकट चिकटवून टाकली. दोन हजार वर्षांत त्याचा असा सत्कार कुणी केला नव्हता.

संध्याकाळी बेसमेंट भरून गेलं. गॅब्रिएलची आई, मावश्या, काका, सगळे आले होते. मलिद्याचं ताट मांडलं होतं: गूळखोबरं घातलेले पोहे, भोवती फळं. सारिना मधल्या पाटावर बसली होती. तिचे दोन्ही हात मेंदीने भरले होते, आणि त्या घरच्या पद्धतीप्रमाणे वर पांढरं फडकं गुंडाळून मनगटाशी बांधलं होतं. गळा मोकळा होता. सगळ्यांचं लक्ष त्या मोकळ्या गळ्याकडे होतं आणि सगळे दुसरीकडे बघत होते.

सिम्हाबाई उभ्या राहिल्या. मी त्यांच्या मुठीत होतो. मूठ घामाने ओली होती. त्यांनी व्हिक्टरला सांगितलं, मी बोलते, तू इंग्लिशमध्ये सांग.

"कार्डावर जी बाई आहे, ती आमची नवगावची आजी असं मी सांगत आले," त्या म्हणाल्या. "ती तशी नाही. ती बांधून नेलेली बाई आहे. मला ठाऊक नव्हतं. कार्डावर छापलं, तुम्हाला पाठवलं, त्याची मला लाज वाटते."

व्हिक्टरने सांगितलं.

"पण आता ठाऊक झाल्यावर तिला खणात कोंडून ठेवायची, तर मला जास्त लाज वाटेल."

व्हिक्टरने सांगितलं, पण खण गाळला. तेव्हा पाटावरून सारिना म्हणाली, "इन अ ड्रॉवर. शी सेड, इन अ ड्रॉवर, डॅड." गॅब्रिएलच्या काकांना हसू आलं आणि त्यांनी ते खोकल्यात लपवलं.

सिम्हाबाई नातीला घाल असं म्हणाल्या नाहीत. त्या फक्त खाली बसल्या आणि मूठ उघडून मला मांडीवर ठेवलं, सगळ्यांना दिसेल असं. दोरी वर, राजा खाली.

सारिना माझ्याकडे बघत होती. मग तिने आपल्या मांडीवरच्या हातांकडे बघितलं. फडक्यात गुंडाळलेले, मनगटाशी बांधलेले, निरुपयोगी हात. पुन्हा माझ्याकडे बघितलं. मित्रांनो, मी अशा नजरांना सरावलो आहे. आता ती तोंड फिरवणार, हे मी धरून चाललो होतो.

"आजी," ती म्हणाली, "घाल ना. माझे हात बांधलेत."

सिम्हाबाईंना साखळीचा आकडा लागेना. तेव्हा गॅब्रिएलची आई उठून पाटामागे आली. तिने सारिनाचे केस बाजूला केले आणि आकडा लावला. तिने मला नीट फिरवून बाई बाहेर केली. तेव्हा तिच्या बोटाला मागची चिकटपट्टी लागली. तिने वाकून पाहिलं, सिम्हाबाईंकडे पाहिलं, आणि हसता हसता तिला डोळे पुसावे लागले.

मग कुणी सारिनाला मलिद्याचा घास भरवला, कुणी पाणी पाजलं. मध्येच तिचं नाक खाजलं, तर ते गॅब्रिएलने खाजवलं. हात बांधलेले असले की माणसाला हे सगळं दुसऱ्यांकडून करून घ्यावं लागतं. मी पाहत होतो. माझ्या पाठीवरची बाई खजुराखाली एकटी बसलेली आहे. तिचं नाक कुणी खाजवलं नसेल. त्या बेसमेंटमध्ये तिच्याभोवती पहिल्यांदा तिचीच माणसं होती, आणि त्यांना ती कोण आहे हे ठाऊक होतं.

माझी लाज गेली का? नाही, मित्रांनो. हातोड्याने उमटलेलं असं जात नाही, आणि जाऊही नये. मी अजून त्या राजाचंच नाणं आहे. फक्त आता सारिना मला चिंचेने घासत नाही. मऊ फडक्याने हलकेच पुसते, आणि दोरीपाशी आली की हात आणखी हलका करते, म्हणजे ती पुसली जाऊ नये.

तुमच्याही घरात आजीची एखादी जुनी वस्तू असेल. तिला जपा, पण इतकी घासू नका की तिच्यावर काय उमटलं होतं तेच दिसेनासं व्हावं. आणि एखाद्या दिवशी तिच्याबद्दल काही वाईट कळलं, तर मान खाली घाला, रडू आलं तर रडा. तेवढं तिला खणात मात्र टाकू नका. आत हात बांधलेली कुणी एक बाई बसलेली असते, आणि तुम्ही येण्याची वाट बघण्याखेरीज तिला काही करता येत नाही.